भोंग्याची उलटी फेरी

या, असे पुढे या. भिंतीला टेकून बसलेल्या मंडळींनीही जरा सरकून घ्या. गोष्ट काही फार मोठी नाही, पण लांबून ऐकली तर अर्धी वाऱ्यावर जाईल आणि मग तुम्हीच म्हणाल, सांगणाऱ्यानं हात आखडता घेतला. आज गोष्ट आहे एका अशा माणसाची, ज्यानं अख्ख्या गावाचा कचरा उचलून भल्या सकाळी ज्याच्या त्याच्या दारात परत नेऊन ठेवला आणि तरीही मार न खाता सुखरूप घरी गेला. हसताय? हसा. देवालाही हसरी माणसं जवळ बसलेली आवडतात.

त्याला सगळे भोंगा म्हणायचे. नगरपालिकेची कचऱ्याची गाडी चालवायचा. कधीतरी गाडीचा हॉर्न बंद पडला. दुरुस्तीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, आणि वाट बघून कंटाळलेला हा गडी हॉर्नऐवजी स्वतःच गायला लागला. आवाज असा खणखणीत, की गल्लीच्या त्या टोकाला लोक अंथरुणातून उठून आधी बादली उचलायचे आणि मग डोळे उघडायचे. पुढे नवा हॉर्न बसला, तर गावानंच तक्रार केली, की तो काढा आणि आमचा माणूस परत द्या. गाणं त्याचं त्यानंच जुळवलेलं:

गेलं म्हणू नका हो, गेलं म्हणू नका,
वळणावर उभं आहे, हाक मारून बघा!

कचऱ्याच्या गाडीवर असलं गाणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या, अशी लोक थट्टा करायचे. पण भोंगा ते मनापासून म्हणायचा. माणसांचे चेहरे तो विसरायचा, स्वतःच्या साडूला एकदा त्यानं बाजारात ओळखलं नव्हतं. पण कुठली वस्तू कुठल्या दारातून उचलली, हे मात्र त्याच्या डोक्यात दगडावरच्या रेघेसारखं राहायचं. चांगली खुर्ची एका पायासाठी टाकलेली दिसली, की त्याचा जीव हळहळायचा. गावच्या कचऱ्याच्या खड्ड्यात ती ओतताना तो तोंड दुसरीकडे करायचा.

आणि त्याची थोरली बहीण, ताई. ताई आणि तिचा नवरा मिळून दुरुस्तीचं दुकान चालवायचे. पंखे, घड्याळं, खुर्च्या, शिलाई मशीन, जे येईल ते. नवरा गेला, दुकान गेलं, आणि ताई भोंग्याच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला आली. कुणाला ओझं होऊ नये म्हणून इतकी हळू चालायची, की भोंग्याची बायको म्हणायची, "वन्सं, पाय आपटा हो जरा, मला घरात कुणी आहेसं वाटू द्या." पण ज्या हातांना आयुष्यभर काम, ते मांडीवर ठेवून बसायचं म्हणजे शिक्षाच. लांबच्या शहरातला मुलगा तिला बोलवत होता. तिथे तरी काय, खोली बदलली असती, हात मांडीवरच राहिले असते.

अशातच गावचा खड्डा भरला. काठोकाठ. नवा खणायचा तर जागा हवी, आणि ती कुणाच्या तरी दाराशीच येणार. तेव्हा नगराध्यक्षाबाईंनी सभेत उभं राहून सांगितलं, की आता चक्राकार अर्थव्यवस्था आणायची. शब्द ऐकून निम्मी सभा घाबरली आणि निम्मी झोपली. मग बाईंनी सोप्या भाषेत सांगितलं: "टाकणं कमी करायचं, फिरवणं वाढवायचं. मोडलेलं नीट करायचं आणि ज्याला हवं त्याला द्यायचं. खड्ड्यात जाईल ते फक्त ज्याचं काहीच होऊ शकत नाही ते." उपाध्यक्ष म्हणाले, "कचऱ्यातली वस्तू घरात कोण घेणार? मी नाही घेणार बुवा." पण बाईंनी हट्ट धरला. आगीच्या बंबाची जुनी शेड झाडून घेतली आणि दुरुस्तीला ताईला बसवलं.

काय सांगू तुम्हाला, बाई बदलली! शेडमध्ये पाऊल टाकलं की पदर खोचायची आणि संध्याकाळपर्यंत मान वर नाही. चालणं ठसठशीत झालं. जेवताना भाकरीचा घास हातात धरून सांगायची, "त्या पंख्याला काहीसुद्धा झालं नव्हतं रे, नुसता रुसला होता." भोंगा गाडीतून जे वाचवता येईल ते वेगळं काढून आणायचा, ती त्यात जीव घालायची. शेड भरत गेली. खुर्च्या, दिवे, घड्याळं, सायकली, पाळणा, आरसे. सगळं पुसून, तेल घालून, लग्नघरातल्या पाहुण्यांसारखं तयार होऊन बसलं.

मग लोकांना शेड उघडी केली. फुकट न्या, अट एकच, वापरा.

आणि कुणी आलं नाही.

म्हणजे आले, पण आत नाही. दारावरून दोनदा गेले, मान वाकडी करून बघितलं, ओळखीचं कुणी दिसताच "आम्ही आपले फिरायला निघालोय" म्हणत पुढे सटकले. हवं सगळ्यांना होतं, पण दुसऱ्यानं टाकलेलं घेताना तिसऱ्यानं बघायला नको होतं. संध्याकाळी उपाध्यक्ष आले, भरलेल्या शेडवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "उद्या दुपारी सगळे सदस्य बघायला येतील. शेड अशीच भरलेली असेल, तर हा खेळ इथेच थांबवू. नव्या खड्ड्याचा कागद तयार आहे."

ताईनं हत्यारं एकेक करून पिशवीत ठेवली. पेचकस शेवटी ठेवला, जरा वेळ हातात धरून.

घरी येताना ती भोंग्याला म्हणाली, "उद्या सकाळी स्टेशनवर जाऊन तिकीट काढते. परवाची गाडी धरते. पोरगा किती दिवस बोलावतोय."

"ताई, अगं पण..."

"पण नाही आणि बिण नाही. तुझ्या मागच्या खोलीत पुन्हा तशी नाही बसवणार रे मला."

भोंग्यानं तिच्या हातातली हत्यारांची पिशवी घेतली आणि घरापर्यंत स्वतःच वाहिली. 

सकाळी ताई स्टेशनवर गेली आणि भोंगा गाडी घेऊन शेडवर आला. आता ऐका हं, खरी गंमत इथे आहे. शेड रिकामी झाली पाहिजे, एवढं त्याला कळलं होतं. सामान लोकांच्या घरी पोहोचलं पाहिजे, हेही कळलं होतं. पण कुठलं कुणाच्या घरी? दुसरा कुणी असता तर डोकं खाजवत बसला असता. भोंग्याला प्रश्नच पडला नाही. दवाखान्यातून बरा झालेला माणूस कुठे जातो? शेजाऱ्याकडे? आपल्याच घरी ना! मग खुर्चीनं कुठे जावं?

गाडी घासूनपुसून लख्ख केली, सामान चढवायला बायकोला बोलावलं. ती आली, एक पाळणा चढवला आणि कमरेवर हात ठेवले. "अहो, हे सगळं निघालंय कुठं?"

"घरी."

"कुणाच्या?"

"ज्याच्या त्याच्या."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आनंदच होईल माणसांना. हरवलेलं पोर सापडल्यासारखं."

"हरवलेलं नाही हो, घालवलेलं," ती पुटपुटली. पण वन्संची बांधलेली वळकटी तिनंही सकाळी दारामागे बघितली होती. ती निमूट गाडीत चढून बसली. "चला. मार पडला तर दोघांना पडेल."

पहिलं घर सासू-सुनेचं. तिथले दोन नग होते: एक भिंतीवरचं घड्याळ, ज्यातून दर तासाला लाकडी पक्षी बाहेर येऊन ओरडायचा, आणि एक रंग बदलणारा दिवा. भोंग्यानं दारात उभं राहून गाणं म्हटलं. सासू बाहेर आली.

"अगं बाई! माझं घड्याळ! सूनबाई, ते रंगारी आले होते तेव्हा फुटलं म्हणाली होतीस ना तू?"

सून पदराशी चाळा करत उभी. इतक्यात भोंग्यानं मोठ्या प्रेमानं दिवा पुढे केला. "आणि हाही घ्या. हाही तुमच्याच दारातला."

आता सुनेचे डोळे मोठे झाले. "माझ्या माहेरचा दिवा! सासूबाई, हा मांजरानं पाडला म्हणाला होतात तुम्ही!"

"आपल्याकडे मांजर आहे?" आतून सासऱ्यांचा आवाज आला.

नेमका तेव्हाच तास भरला आणि पक्षी दार उघडून बाहेर आला. पूर्वी बिचाऱ्याचा घसा बसलेला असायचा. ताईनं तो असा मोकळा केला होता, की समोरच्या झाडावरचे खरे पक्षी उडून गेले. भोंगा म्हणाला, "बघा, कसा खुलला!" आणि बायकोनं त्याला दंडाला धरून गाडीत बसवलं.

दुसरं घर निवृत्त मास्तरांचं. जागच्या जागी चालवायची व्यायामाची सायकल उतरवताना बघून मास्तर अंगणातून हातानं नको नको करू लागले. पण मास्तरीणबाई आल्याच. "अहो, ही तर मित्राला वापरायला दिली होतीत ना? त्याचे गुडघे दुखतात म्हणून?"

"तो... बरा झाला वाटतं."

"छान झालं. चढा."

भोंगा गाडी वळवत असताना मास्तर सायकलवर होते आणि त्याच्याकडे असं बघत होते, की शापाला ताकद असती तर चारही चाकं जागीच बसली असती.

असं दार दार चाललं. कुठे "तुम्हाला कुणी सांगितला होता शहाणपणा?", कुठे नुसतं दार आपटलेलं. उपाध्यक्षांच्या घरी इस्त्रीचं टेबल गेलं, एकाच स्क्रूसाठी टाकलेलं, त्यांच्या बाईसाहेबांनी ते घेतलं, वळून नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आपल्याकडचं कधी काही वाया जात नाही, हे सभेत सांगता ते तुम्हीच ना?"

भोंग्याचा चेहरा हळूहळू उतरत चालला. गाणं बारीक होत गेलं. "अगं, चुकलं का काही माझं?"

"आता विचारताय?" बायको म्हणाली. पण तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "राहिलंय ते पोहोचवू. अर्ध्यावर उतरायचं नाही."

शेवटी राहिली एक आरामखुर्ची. ती बेकरीवाल्याची. म्हणजे त्याच्या वडिलांची. वडील गेल्यावर खुर्ची कुणी घ्यायची यावरून दोघा भावांचं वाजलं, थोरला म्हणे माझी, धाकटा म्हणे माझी, आणि शेवटी रागाच्या भरात थोरल्यानं, म्हणजे या बेकरीवाल्यानंच, ती रस्त्यावर आणून ठेवली, मला नाही तर कुणालाच नाही. तेव्हापासून दोन भाऊ समोरासमोरच्या फुटपाथवरून जायचे. ताईनं तिचे सांधे पक्के केले होते, विटलेलं कापड काढून नवं चढवलं होतं. पण हाताच्या लाकडावर वडिलांच्या अंगठ्यानं घासून झालेली खळगी मात्र तशीच ठेवली होती. ती तिनं पॉलिशसुद्धा केली नव्हती.

थोरला भाऊ पिठाचे हात घेऊन बाहेर आला. खुर्ची बघितली. हात पुसले. बसला. अंगठा त्या खळगीत गेला, आपोआप. भोंगा गाणं म्हणणार होता, पण त्यालाही कुठे गप्प राहायचं ते देवानं शिकवलेलं होतं. दोघं नवरा-बायको पाय न वाजवता निघून आली.

दुपारी ताई तिकीट घेऊन परत येत होती, तर वाटेत तिला गर्दी दिसली. शेडच्या दिशेनं माणसंच माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी. मास्तर सायकल ढकलत होते. सून घड्याळ घेऊन आणि सासू दिवा घेऊन, एकमेकींशी न बोलता, पण एकाच छत्रीखाली. तिनं भराभर पावलं उचलली. शेडच्या दारात भोंगा अपराध्यासारखा उभा.

"काय केलंस रे भोंग्या?"

"ताई, मी... सगळं ज्याचं त्याला देऊन आलो."

ताईनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! बरी झालेली पोर ज्या घरानं हाकलली, त्याच घरी नेऊन सोडलीस?"

रांग लागली होती. सगळे तावातावानं आलेले, पण रांगेची एक खोड असते, माणसाला पुढच्याच्या हातातलं दिसतं. मास्तरांच्या मागे न्हावी उभा होता, हातात आरसा.

"ही सायकल चालते?" न्हाव्यानं विचारलं.

"चालते म्हणजे काय! सकाळपासून मीच चालवतोय. ती चालते, हेच मला नको आहे."

"मग मला द्या की. डॉक्टर रोज बोलतात मला. हा आरसा बघा, मोठा आहे म्हणून घरात मावेना."

"आमच्या हिला हवाच होता," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की शाळेतल्या मुलांनी तो आयुष्यात बघितला नव्हता.

एवढंच. मोळीतली एक काडी ओढली गेली आणि सगळी मोळी सुटली. "तो पाळणा कुणाचा?" "आमचा, पोरं मोठी झाली." "माझ्या भाचीला हवाय." "अहो मग घ्या, उलट पुण्य लागेल." लाज कुणाची आणि कशाची बाळगायची? प्रत्येकाच्या हातात त्यानंच टाकलेली चांगली वस्तू होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती. कचऱ्यातलं कुणी घेतच नव्हतं आता; शेजाऱ्याच्या हातातलं घेत होते, हसत, घासाघीस करत, एकमेकांच्या टोप्या उडवत. जे नवरे एकटे आले होते, त्यांनी घरी निरोप धाडून बायकांना बोलावलं. उपाध्यक्षांच्या बाईसाहेबांनी इस्त्रीचं टेबल देऊन शिलाई मशीन उचललं आणि स्वतःच्या हातानं रिक्षात ठेवलं.

सासू ताईपुढे आली. "आमच्या सूनबाईंना हा पक्षी सोसत नाही म्हणे. खरं सांगू का, मलाही आता सोसत नाही. पण ऐकल्याशिवाय करमतही नाही. याचा आवाज थोडा दाबता येईल?"

सून म्हणाली, "आणि दिव्याचे रंग थोडे कमी करता येतील? सासूबाईंना डोळ्यांना लागतात." मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि सकाळपासून दाबून धरलेलं हसू असं फुटलं, की मागची रांगही कारण न विचारता हसायला लागली.

ताईनं घड्याळ उघडलं. पक्ष्याला आवाज देणारा छोटा भाता असतो, त्याच्या तोंडाशी काहीतरी मऊ, जाडसर, घडी होईल असं हवं होतं. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं.

इतक्यात बेकरीवाला आला. खुर्ची आणली नव्हती त्यानं. गरम पावांची टोपली आणली होती. ती टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, खुर्ची मी ठेवतो. पण... तशीच अजून एक करता येईल का? धाकट्यासाठी."

"तशीच नाही होणार," ताई म्हणाली. "पण तुमच्या वडिलांच्या खुर्चीचं जुनं कापड मी टाकलेलं नाही. पाठीमागचा भाग चांगला आहे. दुसऱ्या एका खुर्चीच्या हातांवर तो बसेल. बसल्यावर हाताला तेच लागेल."

त्यानं पिठाचे हात पुन्हा पुसले. "आज होईल?"

"आज कसं होईल? लाकूड बघावं लागेल, सांधे बसवावे लागतील. घाईचं काम नाही हे."

"मग परवा?"

ताई थांबली. परवा. तिचा हात पदराच्या गाठीकडे गेला. भोंग्यानं ते बघितलं. त्याची बायको पावाचा तुकडा हातात धरून तशीच उभी राहिली. बाहेर नगराध्यक्षाबाई आणि सदस्य गाडीतून उतरत होते. उपाध्यक्ष दारातून आत बघत होते, आणि त्यांना वस्तू दिसतच नव्हत्या, नुसती माणसं दिसत होती.

ताईनं गाठ सोडली. तिकीट बाहेर काढलं. नीट, काठाला काठ लावून त्याची घडी घातली, एकदा, मग पुन्हा, आणि पक्ष्याच्या भात्याच्या तोंडाशी सारून बसवली. काटा पुढे फिरवला. दार उघडलं, पक्षी बाहेर आला आणि गळ्यात मफलर गुंडाळल्यासारखा, गोड, दबक्या आवाजात बोलला.

"अगदी हवा तेवढाच!" सून म्हणाली.

"ताई, अगं तिकीट फुकट गेलं की," भोंगा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तोंड कानापर्यंत फाकलं होतं.

"फुकट कसं? कामाला आलं." मग ती बेकरीवाल्याकडे वळली. "परवा सुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात या. आणि धाकट्याला घेऊन या, त्याच्या हाताचं माप लागेल."

नगराध्यक्षाबाईंनी रिकाम्या मांडण्या बघितल्या, गर्दी बघितली आणि भोंग्याला विचारलं, "काका, हे एका सकाळीत केलंत कसं?"

"चुकून, बाई."

"मग दर महिन्याला चुकत जा." आणि उपाध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "तो खड्ड्याचा कागद जरा द्या. ताईंना कशाला तरी लागेल."

तेव्हापासून त्या गावात भोंग्याची उलटी फेरी निघते. फरक इतकाच, की आता तो वस्तू देण्याआधी विचारतो, हवंय का म्हणून. आणि बायको शेजारी बसून तो खरंच विचारतो की नाही यावर लक्ष ठेवते. भरलेला खड्डा मातीनं झाकलाय, वर गवत आलंय. मागच्या खोलीत ताई फक्त झोपायला येते, आणि पाय चांगले आपटत येते.

तर माझ्या मायबापांनो, इतकं ऐकलंत, आता एकच मागणं. कधी हातात काही घेऊन दारापर्यंत जाल, टाकायच्या बेतानं, तेव्हा उंबऱ्यात क्षणभर थांबा आणि त्या ताईची आठवण काढा. तिच्या मोकळ्या हातांची नव्हे, भरलेल्या हातांची. ती अजून तिथे बसली आहे, पदर खोचून, आणि कुणीतरी मोडकं घेऊन येईल म्हणून वाट बघते आहे.